काळा घोडा आणि तराजू



जगबुडीची बातमी आपल्यापर्यंत अधूनमधून येतच असते. कधी मोबाईलवर येते, कधी बाजारात भाजी घेता घेता कानावर पडते. १९६२ च्या फेब्रुवारीत आठ ग्रह एका राशीत येणार म्हणून देशभर लोक घाबरले होते. जागोजागी होमहवन झालं, आणि ग्रह आपल्या वाटेनं निघून गेले. २०१२ च्या २१ डिसेंबरला जग संपणार होतं, तेही राहून गेलं. करोना आला तेव्हा पुन्हा तेच सुरू झालं. अशा बातम्यांमध्ये एका पुस्तकाचा दाखला नेहमी दिला जातो. ते म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या बायबलमधलं शेवटचं पुस्तक. मराठीत त्याचं नाव आहे 'प्रकटीकरण'.

सात डोकी आणि दहा शिंगं असलेलं श्वापद, लाल अजगर, चार रंगांचे चार घोडे, ६६६ हा आकडा, हे सगळं या पुस्तकातलं. ऐकूनच अंगावर काटा येतो. पण ते कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं आणि लोकांनी ते कसकसं वाचलं, याचा इतिहास फार थोड्यांना ठाऊक असतो. आज तो पाहू. त्या वाटेवर आपल्या मध्य प्रांताचा दुष्काळ भेटणार आहे, आणि पंडिता रमाबाईही.

आधी नावाकडे बघू. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे झाकलेलं उघडं करणं, पडदा बाजूला सारणं. इंग्रजीत तोच शब्द पुढे प्रलय, सर्वनाश अशा अर्थानं रुळला. मराठी नाव मात्र मूळ अर्थाशी प्रामाणिक राहिलं. प्रकटीकरण म्हणजे प्रकट करणं. तेव्हा या पुस्तकाला पहिला प्रश्न 'जग कधी संपणार?' असा विचारू नये. 'यात काय उघडं केलं आहे?' असा विचारावा.

लिहिणाऱ्याचं नाव योहान. तो स्वतःच सांगतो की, तो पात्म नावाच्या बेटावर होता आणि आपल्या श्रद्धेपायी तिथे होता. हे बेट ग्रीस आणि आजचं तुर्कस्तान यांच्यामधल्या समुद्रात आहे. बहुतेक अभ्यासक या लिखाणाचा काळ इसवी सन ९५ च्या आसपासचा मानतात. तेव्हा रोमवर डोमिशियन बादशहाचं राज्य होतं. योहानानं हे पत्र सात गावांतल्या मंडळ्यांना लिहिलं. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया ही ती सात गावं. सगळी आजच्या तुर्कस्तानात. तिथल्या या मंडळ्या लहान होत्या. बादशहाला देव मानून धूप जाळायचा, तरच तुम्ही सरकारचे इमानदार, असा तो काळ. जो नाही म्हणेल त्याचा धंदा बसणार, आणि कधी जीवही जाणार.

आणखी एक गोष्ट आपल्या कार्यक्रमाला जवळची आहे. हे पुस्तक एकट्यानं मनात वाचण्यासाठी नव्हतं. एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असं त्यात सुरुवातीलाच गृहीत धरलेलं आहे. ऐकणाऱ्यांत गुलाम होते, मजूर होते, बायका होत्या. त्यांना अक्षर येत नसलं तरी खूण कळत होती.

खूण कशी कळते, हे आपल्याला समजावून सांगायला नको. आपल्या आज्या नवऱ्याचं नाव उघड घेत नसत. उखाण्यात गुंफून घेत. परक्या माणसाला तो नुसता शब्दांचा खेळ वाटे, घरच्यांना मात्र नाव बरोबर कळे. योहानालाही एक नाव उघड घेता येत नव्हतं. बादशहाचं नाव घेऊन त्याला श्वापद म्हटलं असतं, तर पत्र वाचणारा आणि ऐकणारे सगळेच अडकले असते. म्हणून त्यानं नाव आकड्यात गुंफलं.

त्या काळच्या हिब्रू भाषेत आकड्यांना वेगळी चिन्हं नव्हती. अक्षरांनाच किंमत असे. 'नेरो कैसर' हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिलं, तर पहिल्या शब्दाची बेरीज होते ५०, २००, ६ आणि ५० मिळून ३०६. दुसऱ्याची होते १००, ६० आणि २०० मिळून ३६०. दोन्ही मिळून ६६६. काही जुन्या हस्तलिखितांत हाच आकडा ६१६ असा आहे. नेरोचं नाव लॅटिन वळणानं लिहिलं की शेवटचं एक अक्षर गळतं, त्याची किंमत ५०, आणि बेरीज बरोबर ६१६ होते. म्हणून बऱ्याच अभ्यासकांना हा उलगडा पटतो. नेरो इसवी सन ६८ मध्येच मेला होता. पण तो परत येणार, अशी आवई पुढे कित्येक वर्षं होती. योहानाच्या ऐकणाऱ्यांना सांगायचं होतं ते एवढंच की, नेरो गेला तरी त्याची रीत गेलेली नाही, नव्या बादशहाच्या अंगात तीच आहे.

तसंच सात टेकड्यांवर बसलेल्या बाबेल नगरीचं. सात टेकड्यांचं शहर म्हणजे रोम, हे तेव्हा पोराटोरांनाही ठाऊक होतं. ज्याच्यावर श्वापदाची खूण नाही त्याला विकता येणार नाही आणि विकतही घेता येणार नाही, असंही पुस्तकात येतं. बादशहाचा मुखवटा असलेली नाणी ज्यांच्या हातात रोज होती, त्यांना ती गोष्ट कुठल्या दूरच्या काळातली वाटली नसणार. ती त्यांच्याच बाजारातली होती.

आता घोड्यांकडे येऊ. पहिला घोडा पांढरा, त्यावर धनुष्य घेतलेला विजेता. दुसरा तांबडा, तो लढाईचा. तिसरा काळा, त्याच्या स्वाराच्या हातात तराजू. चौथा फिक्या हिरवट रंगाचा, त्यावर मरण बसलेलं. क्रम नीट पाहा. आधी कोणीतरी मुलूख जिंकायला निघतो, मग लढाई होते, मग धान्य महाग होतं, मग उपासमार आणि रोगराई येते. हे आभाळातून कोसळलेलं संकट नाही. एकातून दुसरं निघालेलं आहे.

काळ्या घोड्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण तिथे चक्क बाजारभाव सांगितला आहे. एका दिनाराला गव्हाचं एक माप, आणि तेवढ्याच पैशात सातूची तीन मापं. दिनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. ते माप साधारण एक लिटरचं, म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं धान्य. हिशेब आपणच करू. बाप दिवसभर राबला आणि गहू घेतला, तर तो एकटाच जेवेल. हलकं धान्य घेतलं, तर तिघं जेवतील. चौथ्या लेकराचं काय? आणि मीठ, सरपण, कपडा कुठून आणायचा? हा भाव योहानानं स्वप्नातून आणला असेल, पण हिशेब चूल सांभाळणाऱ्या बाईचा आहे. गहू परवडत नाही म्हणून ज्वारी, ज्वारी परवडत नाही म्हणून आणखी हलकं, ही उतरण आपल्या घराघरांत माहीत होती.

त्याच ठिकाणी असंही बजावलेलं आहे की, तेलाला आणि द्राक्षारसाला धक्का लागू नये. म्हणजे गरिबाची भाकरी महाग झाली तरी श्रीमंतांच्या मळ्यांना झळ बसत नाही. इतिहासात याच्या जवळची एक नोंद आहे. डोमिशियननं हुकूम काढला होता की, प्रांतांतले निम्मे द्राक्षमळे तोडावेत, कारण द्राक्षं पिकवण्याच्या नादात धान्य मागे पडत होतं. मळेवाल्यांनी ओरड केली आणि तो हुकूम कागदावरच राहिला. योहानाच्या मनात नेमका तोच प्रसंग होता का, यावर मतभेद आहेत. पण पैशाचं पीक आणि पोटाचं पीक यांचं भांडण किती जुनं आहे, हे त्यातून दिसतं. कापूस आणि संत्र्याच्या आपल्या मुलखात ते कोणाला वेगळं सांगावं लागू नये.

आता रोमहून आपल्या मातीत येऊ. बायबलचा नवा करार मराठीत आणण्याचं पहिलं मोठं काम बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी केलं. १९ व्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या कामात त्यांना मराठी शिकवणारे आणि मदत करणारे पंडित वैजनाथ हे आपल्या नागपूरकडचे. त्यानंतर अनेकांनी भाषांतरं केली, सुधारली. पण एका बाईनं मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं, ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि लेकीला संस्कृत शिकवलं, त्यापायी लोकांचा रोष पत्करला. घर सोडून तीर्थांच्या वाटेनं हे कुटुंब हिंडत राहिलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांची अन्नान्न दशा झाली. आई, वडील आणि थोरली बहीण, तिघंही गेली. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास पायी चालत उत्तरेकडे गेले. पुढे कलकत्त्याला त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला, लग्न झालं, लेक झाली, आणि १८८२ मध्ये वैधव्यही आलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. पुण्याजवळ केडगावला त्यांनी जमीन घेतली ती फळबाग लावायला, सदनाचा खर्च निघावा म्हणून.

मग १८९६ उजाडलं. पाऊस दगा देऊन गेला आणि मध्य प्रांतात दुष्काळ पडला. नागपूर त्या प्रांताची राजधानी, आणि आपलं काटोल नागपूर जिल्ह्यातली तहसील. तेव्हा रेल्वे येऊन तीस वर्षं होत आली होती. नर्मदेच्या खोऱ्यातला गहू रेल्वेनं मुंबईला आणि तिथून जहाजानं विलायतेला जाऊ लागला होता. त्याच साली मुंबईत प्लेगनं पाय ठेवला. कोणी 'प्रकटीकरण' हातात घेऊन बसलं असतं, तर त्याला काळा घोडा आणि हिरवट घोडा दारातच उभे दिसले असते. जगाचा शेवट आला, असं म्हणायला यापेक्षा योग्य वर्ष कुठलं?

रमाबाई उठल्या आणि मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळ काय असतो हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. सरकारी कामांवर आणि गरिबांच्या छावण्यांवर त्या फिरल्या. अन्नासाठी आलेल्या तरुण मुलींवर डोळा ठेवून कोण कोण तिथे वावरतं, हे त्यांनी पाहिलं आणि लिहून जगासमोर मांडलं. तीनशेच्या आसपास मुली-बायका त्यांनी केडगावला आणल्या. तिथे घरं नव्हती, पाणी पुरत नव्हतं. त्यांनी विहिरी खणल्या, शेती लावली, माग बसवले. त्यातूनच मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारी दवाखान्यात आणि छावणीत बायकांची कशी हेळसांड होते, यावर रमाबाईंनी १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात उघड पत्र लिहिलं. धर्म राज्यकर्त्यांचा स्वीकारला होता, म्हणून राज्यकर्त्यांबद्दल गप्प बसायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. गव्हर्नरांनी आरोप नाकारले. पण झाकलेलं उघडं झालं होतं. योहानाला जे आकड्यात गुंफावं लागलं, ते रमाबाईंनी स्वतःच्या सहीनं लिहिलं.

केडगावची एक गोष्ट दृष्टान्त कसे वाचावेत यासाठी मला फार मोलाची वाटते. १९०५ च्या जूनमध्ये मुक्ती सदनात प्रार्थनेची मोठी लाट आली. तिथे काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या अमेरिकन बाईंनी त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. पहाटे एका मुलीला आपल्यावर देवाचा अग्नी उतरल्याचा अनुभव आला. शेजारच्या मुलीलाही ती पेटल्यासारखी दिसली. ती धावत गेली आणि पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार, इतक्यात तिच्या लक्षात आलं की, हिला जळत काहीच नाही. त्या अनुभवाचं काय मानायचं, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडू. पण बादली आणणाऱ्या मुलीकडून दोन गोष्टी शिकाव्यात. एक, मैत्रीण पेटलेली दिसली तर आधी पाणी आणायला धावावं. दुसरी, ओतण्याआधी नीट पाहावं.

सगळ्यांनी असं नीट पाहिलं नाही. 'प्रकटीकरण' वाचण्याच्या मुख्य चार रीती इतिहासात दिसतात. एक म्हणते, हे सगळं रोमच्या काळाबद्दल होतं आणि तेव्हाच घडून गेलं. दुसरी म्हणते, यात जगाचा पुढचा सगळा इतिहास क्रमानं सांगितला आहे. तिसरी म्हणते, हे अजून घडायचं आहे. चौथी म्हणते, ही सत्य आणि असत्य यांच्या झगड्याची चित्रं आहेत, प्रत्येक काळाला लागू पडणारी. मोठमोठी माणसंही या पुस्तकापुढे अडखळली. जर्मनीच्या मार्टिन लूथरनं १५२२ मध्ये त्याबद्दल चक्क नापसंती लिहून ठेवली. पुढे त्याच्याच पंथाच्या लोकांनी श्वापद म्हणजे पोप, असा अर्थ लावला. पूर्वेकडच्या सनातनी चर्चमध्ये आजही ते नित्याच्या उपासनेत वाचत नाहीत.

सगळ्यात जास्त नुकसान झालं ते त्याचं पंचांग करणाऱ्यांच्या नादी लागून. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा एक शेतकरी होता. बायबलच्या दानिएल नावाच्या पुस्तकातले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षं, असं धरून त्यानं हिशेब मांडला. शेवटी त्याच्या अनुयायांनी तारीख नक्की केली, २२ ऑक्टोबर १८४४. हजारो लोक वाट पाहत बसले. काहींनी शेतातलं पीकच काढलं नाही, कारण उद्या जग नसणारच होतं. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. पीक तसंच उभं, आणि हिवाळा तोंडावर. त्या दिवसाला तिकडे 'महानिराशा' म्हणतात. आपल्या देशातही मिझोरामसारख्या ठिकाणी काहींना आधारच्या क्रमांकात श्वापदाची खूण दिसली आणि त्यांनी नोंदणी नाकारली. सरकारनं प्रत्येकाला क्रमांक द्यावा का, यावर जरूर वाद घालावा. पण तो क्रमांकाच्या भल्याबुऱ्यावर घालावा.

खरं तर आपल्या मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. एकनाथ महाराजांचं विंचवाचं भारूड ऐकून कोणी वैद्याला बोलवायला धावत नाही. विंचू म्हणजे काम-क्रोध, हे ऐकणाऱ्याला कळतं. पण विंचू खोटा, म्हणून भारूड खोटं, असंही आपण म्हणत नाही. तीच समज इथे लागते. श्वापदाला शिंगं किती, हे मोजत बसलं की ते श्वापद कोणाच्या ताटातलं खातं, हे पाहायचं राहून जातं.

बायकांच्या बाजूनं एक आक्षेपही सांगायला हवा. या पुस्तकात जुलमी नगरीला वेश्येचं रूप दिलं आहे आणि तिच्या नाशाचं वर्णन फार क्रूर आहे. साम्राज्य चालवलं पुरुषांनी आणि चित्र काढलं बाईचं, असं स्त्री अभ्यासकांनी म्हटलं आहे, आणि त्यात तथ्य आहे. पण त्याच पुस्तकात सूर्य पांघरलेली, बाळंतपणाच्या कळा सोसणारी बाईही आहे. अजगर तिचं लेकरू गिळायला टपलेला असतो, आणि शेवटी जमीनच तिच्या मदतीला येते. केडगावला रमाबाईंनी 'कृपासदन' काढलं, ते समाजानं वाईट ठरवलेल्या बायकांसाठी. ज्यांना जग बाबेल म्हणत होतं, त्यांना त्यांनी अंथरूण-पांघरूण आणि काम दिलं.

रमाबाई श्रद्धाळू होत्या. ग्रंथातला शब्द त्यांना खरा होता, तो त्या माझ्यासारखा इतिहास म्हणून वाचत नव्हत्या. तरीही त्या शेवटाची वाट पाहत बसल्या नाहीत. भाषांतराला त्यांनी आयुष्याची शेवटची पंधराएक वर्षं दिली. खेड्यातल्या बाईला कळेल असं मराठी हवं, हा त्यांचा आग्रह होता. मुक्ती सदनाचा स्वतःचा छापखाना होता. खिळे जुळवायला, छापायला आणि बांधणीला तिथल्याच बायका होत्या. १९२१ मध्ये लेक मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. सगळं बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ मध्ये.

मैत्रिणींनो, जगाच्या शेवटाची बातमी पुन्हा येईल. ती घेऊन येणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. हे मुळात कोणी, कोणाला सांगितलं होतं? आणि हे ऐकून माझे हात कामाला लागावेत असं तुला वाटतं, की मी हात जोडून तुझ्यामागे यावं असं वाटतं? पहिल्याचं उत्तर इतिहासात सापडतं. दुसऱ्याचं उत्तर समोरच्याच्या तोंडावर दिसतं.

'प्रकटीकरणा'चा शेवट आगीत होत नाही, हेही लक्षात असू द्या. तो होतो एका शहरात. त्याची दारं कधी लागत नाहीत, मधून नदी वाहते आणि काठावरचं झाड बाराही महिने फळतं. केडगावच्या छापखान्यात हे पान जुळवणाऱ्या बायकांमध्ये दुष्काळातून आलेल्या मुली होत्या. तराजू घेतलेला काळा घोडा त्यांनी लहानपणीच पाहिला होता. त्याच हातांनी त्यांनी त्या झाडाचेही खिळे जुळवले.